सात पाकळ्यांचं फूल

कंपासपेटी पहिल्यांदा हातात आली की मराठी शाळेतलं मूल एक गोष्ट हमखास करतं. गुरुजींनी काही शिकवायच्या आतच ते सहा पाकळ्यांचं फूल काढतं! एक वर्तुळ काढायचं, मग कंपासचं तोंड तेवढंच ठेवून परिघावर टोक टेकवत एकामागून एक कमानी मारत जायचं. सहाव्या कमानीला फूल बरोबर मिटतं, केसभरही इकडेतिकडे होत नाही. आठ पाकळ्याही अवघड नाहीत. काटकोनात दोन व्यास काढायचे आणि कोन दुभागायचे. पाच पाकळ्यांना जरा घाम फुटतो, पण त्याची रीत आहे. सात पाकळ्यांचं काय? दिवाळीच्या रांगोळीत ज्यांनी ज्यांनी हा खटाटोप केला असेल त्यांना ठाऊक आहे, की शेवटची पाकळी एकतर पहिलीच्या अंगावर चढून बसते, नाहीतर दोघींच्या मधे फट राहते.

इथल्या हायस्कूलमधे भूमिती शिकणारी आपली मुलंही पट्टी-कंपासच्या रचना करतात. आमच्या घरच्या कन्येने एकदा अगदी वकिली थाटात विचारलं, "सप्तकोन जमत नाही म्हणजे अजून कोणाला जमलेला नाही, की कधीच कोणाला जमणार नाही?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. पहिलं असेल तर रात्रीचा दिवस करून प्रयत्न करण्यात अर्थ आहे. दुसरं असेल तर प्रश्न उरतो तो असा, की "कधीच नाही" हे कोणी आणि कशाच्या जोरावर म्हणावं? जगातल्या सगळ्या येणाऱ्या पिढ्यांच्या वतीने असं बोलण्याचा अधिकार कोणाला?

हा अधिकार बीजगणितातल्या एका विषयाने मिळवून दिला आहे. त्याचं नाव क्षेत्र-विस्तार. नाव ऐकून घाबरू नका, मंडळी. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्या शिदोरीवर आपण हा प्रवास करणार आहोत. आणि वाटेत एक थांबा थेट आपल्या सह्याद्रीत आहे. तिथूनच सुरुवात करू.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. त्यातली 'लीलावती' आपल्या सगळ्यांच्या निदान कानावरून तरी गेलेली असते. याच लीलावतीत वर्तुळात बसवलेल्या समभुज आकृत्यांची बाजू काढण्याची रीत आहे. वर्तुळाच्या व्यासाला एका ठराविक अंकाने गुणायचं आणि १,२०,००० ने भागायचं, की बाजूची लांबी मिळाली. त्रिकोणापासून नवकोनापर्यंत सात आकृत्यांचे सात अंक त्यांनी श्लोकात गुंफले आहेत. बाण म्हणजे पाच, वेद म्हणजे चार, अशा शब्दांच्या खुणांनी. ते अंक आणि आजच्या कॅल्क्युलेटरवर येणारे अंक आम्ही शेजारी शेजारी मांडून पाहिले. आधी भास्कराचार्यांचा अंक, मग आजचा:

त्रिकोण: १,०३,९२३ आणि १,०३,९२३
चौकोन: ८४,८५३ आणि ८४,८५३
पंचकोन: ७०,५३४ आणि ७०,५३४
षट्कोन: ६०,००० आणि ६०,०००
सप्तकोन: ५२,०५५ आणि ५२,०६६
अष्टकोन: ४५,९२२ आणि ४५,९२२
नवकोन: ४१,०३१ आणि ४१,०४२

पाच अंक शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत जुळतात. फरक पडतो फक्त दोन ठिकाणी, सप्तकोनात आणि नवकोनात. फरक तरी केवढा? एक मीटर व्यासाच्या वर्तुळात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे कोणा सुताराला किंवा गवंड्याला कधी जाणवणारही नाही इतका. पण याच दोन आकृत्या का? तेराव्या किंवा एकोणिसाव्या आकृतीत नव्हे, तर मधेच सातव्यात चुकायचं, आठव्यात जुळायचं आणि पुन्हा नवव्यात चुकायचं, याला काहीतरी कारण हवं. ते कारण समजून घ्यायचं तर आधी 'क्षेत्र' म्हणजे काय ते पाहायला हवं.

लीलावतीत क्षेत्र म्हणजे आकृती. आजच्या बीजगणितात या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. संख्यांचा असा एक समूह घ्या, की त्यातल्या कुठल्याही दोघांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार केला (शून्याने भागणं सोडून), तरी उत्तर त्याच समूहात सापडतं. असं स्वयंपूर्ण गाव म्हणजे क्षेत्र. पूर्णांकांचं गाव स्वयंपूर्ण नाही, कारण ३ ला ४ ने भागलं की आपण वेशीबाहेर पडतो. अपूर्णांक धरले, म्हणजे सगळ्या परिमेय संख्या घेतल्या, की गाव पूर्ण होतं. जर्मन गणिती डेडेकिंड यांनी अशा समूहाला १८७१ साली 'शरीर' या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. इंग्रजीतला 'फील्ड' हा शब्द रूढ केला तो शिकागो विद्यापीठाच्या ई. एच. मूर यांनी, १८९३ साली. त्याच वर्षी त्याच शिकागोत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, ते मात्र आपल्याला पाठ आहे!

आता या परिमेय गावात २ चं वर्गमूळ राहत नाही, हे आपण शाळेत शिकलो. त्याला गावात आणून वसवायचं ठरवलं तर काय होईल? इथे आपल्याला परक्या देशातला अनुभव उपयोगी पडतो. एकाला ग्रीन कार्ड मिळालं की मागोमाग कोण कोण येतं ते सांगायला नको! √२ आला, की त्याची पट आली, म्हणजे ३√२, ५√२ वगैरे. त्यात गावकरी मिळवले की ७ + ३√२ यासारखे आले. पण गंमत पुढे आहे. √२ ला √२ ने गुणलं तर २, तो तर मूळचा गावकरीच. भागाकाराचं काय? १ ला ३ + √२ ने भागायचं आहे. वर आणि खाली ३ − √२ ने गुणा. खाली ९ − २ = ७ येतात, म्हणजे उत्तर ३/७ − (१/७)√२. पुन्हा त्याच घाटाचं! म्हणजे "एक परिमेय संख्या अधिक दुसऱ्या परिमेय संख्येची √२ पट" एवढ्यावर सगळं गणगोत संपलं. त्यापलीकडे एकही जास्त पाहुणा आला नाही. हे नवं, मोठं गाव म्हणजे जुन्या क्षेत्राचा विस्तार.

हराचं चिन्ह उलटवून गुणण्याची ही युक्ती भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' आहे, करण्यांचा भागाकार म्हणून. (करणी म्हणजे वर्गमुळात अडकलेली संख्या. भानामतीवाली करणी नव्हे!) त्यांच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी 'भावना' नावाची रीत दिली. एका जोडीला दुसऱ्या जोडीशी विशिष्ट प्रकारे गुणून तिसरी जोडी तयार करण्याची ती रीत म्हणजे आजच्या भाषेत अशा विस्तारित गावातला गुणाकारच आहे.

नव्या गावातल्या प्रत्येक रहिवाशाचा पत्ता सांगायला दोन परिमेय संख्या पुरतात, म्हणून आपण त्याला दुपदरी विस्तार म्हणू. पुस्तकात याला विस्ताराची कोटी म्हणतात, पण पदर म्हटलं की ते डोळ्यांसमोर उभं राहतं. आता २ चं घनमूळ वसवून पाहा. त्याच्यामागून त्याचा वर्ग, म्हणजे ४ चं घनमूळ येतं. तो नुसत्या परिमेय संख्या आणि २ च्या घनमुळाची परिमेय पट यांच्या बेरजेने लिहिता येत नाही. मग गाडी थांबते, कारण घन केला की २ मिळतात. पत्त्याला तीन संख्या लागतात, म्हणून हा विस्तार तिपदरी.

आणि विस्तारावर विस्तार केला तर? √२ च्या गावात पुढे √३ वसवला की १, √२, √३ आणि √६ असे चार पदर होतात. दोन दुणे चार. पदरांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे. या एका वाक्यात पुढचं सगळं सामावलेलं आहे. मोठ्या विस्ताराच्या पोटात जो लहान विस्तार बसतो, त्याच्या पदरांनी मोठ्याच्या पदरांना पूर्ण भाग जायलाच हवा.

आता आपली पट्टी आणि कंपास पुन्हा हातात घेऊ. पट्टीने दोन रेषा काढल्या, त्या एका बिंदूत छेदल्या. तो बिंदू शोधायला चार साध्या क्रिया पुरतात, गावाबाहेर पडावं लागत नाही. कंपासने वर्तुळ काढलं आणि ते रेषेला किंवा दुसऱ्या वर्तुळाला छेदलं, तर तो बिंदू काढायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं. म्हणजे जास्तीत जास्त एक वर्गमूळ. याचा अर्थ, कंपासच्या प्रत्येक छेदाला गाव आहे तेवढंच राहतं किंवा दुप्पट पदरांचं होतं. शंभर वेळा कंपास फिरवा, हजार वेळा फिरवा, पदर होणार २, ४, ८, १६, ३२ असेच. यात ३ चा भाग कुठे जातो का? कधीच नाही.

सप्तकोनाची बाजू काढायची तर ३६० अंशांच्या सातव्या भागाची कोटिज्या, म्हणजे कोसाइन, लागते. तिच्या दुपटीला क्ष म्हणा. हा क्ष पुढच्या समीकरणात बसतो: क्षचा घन + क्षचा वर्ग − २क्ष − १ = ०. याला परिमेय उत्तर असलंच, तर ते +१ किंवा −१ एवढंच असू शकतं. +१ घालून पाहा, −१ येतो. −१ घालून पाहा, +१ येतो. शून्य काही येत नाही. समीकरण घनाचं, परिमेय उत्तर नाही, म्हणजे ते फोडता येत नाही आणि क्षला वसवायला तिपदरी विस्तार लागतो. दोन-दोनच्या पायऱ्यांच्या जिन्यात तिपदरी मजला कुठेच बसत नाही. संपलं! इथे कोणाच्या हाताच्या कौशल्याचा, चिकाटीचा किंवा बुद्धीचा प्रश्नच उरत नाही. ३ ने ६४ ला भाग जात नाही एवढ्या साध्या गोष्टीवर "कधीच नाही" हे वाक्य उभं आहे.

नवकोनाची कथा तीच. तिथे ४० अंशांच्या कोसाइनची दुप्पट क्ष धरली तर समीकरण येतं: क्षचा घन − ३क्ष + १ = ०. पुन्हा ±१ चालत नाहीत, पुन्हा तीन पदर. याच कारणाने ६० अंशांचा कोन पट्टी-कंपासने त्रिभागता येत नाही. तो आला असता तर २० अंश मिळाले असते आणि नवकोन आपोआप तयार झाला असता. (९० अंशांचा कोन त्रिभागता येतो, कारण ३० अंश मुळात काढता येतात. सगळेच कोन हट्टी नसतात.)

आता भास्कराचार्यांच्या यादीकडे पुन्हा वळू. त्रिकोणाला √३ पुरतो, चौकोनाला √२, षट्कोनाला तर काहीच लागत नाही. अष्टकोनाला वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, पंचकोनालाही तसंच, √५ घेऊन. पाचही आकृत्या वर्गमुळांनी गाठता येतात, आणि वर्गमूळ हवं तितकं सूक्ष्म काढण्याची रीत आपल्याकडे पक्की होती. वर्गमुळांनी जिथे पोचताच येत नाही अशा आकृत्या या यादीत दोनच, सप्तकोन आणि नवकोन. फरक दिसतो तो नेमका तिथेच. पुढे केरळातल्या माधवांच्या परंपरेने अनंत श्रेढी वापरून याहून कितीतरी सूक्ष्म किंमती काढल्या. म्हणजे किंमत हवी तितकी जवळची मिळू शकते. फक्त वर्गमुळांच्या जिन्याने ती नेमकी गाठता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या गेट-टुगेदरमधे जेवणं झाली, की "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" असा सूर हमखास लागतो. परक्या देशात मुलांना काहीतरी अभिमानाचं द्यावं ही त्यामागची कळकळ आम्ही समजू शकतो. पण इथे वाढलेली मुलं ऐकलेलं तपासून पाहतात, आणि एक गोष्ट पोकळ निघाली की उरलेल्या नव्व्याण्णव खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. सप्तकोन अशक्य आहे हे भास्कराचार्यांनी सिद्ध केलेलं नाही. मात्र त्यांचा तक्ता समोर ठेवला, तर पदरांचा हा नियम आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांतून मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. हे खरंही आहे आणि वर कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहता येतं. आम्हाला हा अभिमान जास्त टिकाऊ वाटतो.

मग सिद्ध कोणी केलं? ३० मार्च १७९६ रोजी, एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेल्या गाउस या जर्मन तरुणाला कळलं, की सतरा बाजूंची आकृती पट्टी-कंपासने काढता येते. सतरातून एक गेला की सोळा, आणि सोळा म्हणजे दोन-दोनच्याच चार पायऱ्या! सातातून एक गेला की उरतात सहा, त्यात तीन लपलेले. अशक्यतेची सिद्धता छापून आली १८३७ साली, पिएर वांत्सेल या विशी-बाविशीतल्या फ्रेंच तरुणाची. त्याच्या बरंच आधी, १७७५ साली, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने कोनाचा त्रिभाग, घनाची दुप्पट आणि वर्तुळाचा चौरस यांवरचे 'शोध' तपासणंच बंद केलं होतं. पण कंटाळून दार लावणं वेगळं आणि आत कोणी येऊच शकत नाही हे दाखवून देणं वेगळं. याच सुमाराला नॉर्वेच्या आबेलने (१८२४) पाचव्या घाताच्या समीकरणांना मुळांचं सर्वसाधारण सूत्र नाही हे सिद्ध केलं, आणि फ्रान्सच्या गाल्वाने कुठल्या समीकरणाला ते मिळेल हे ओळखण्याची किल्ली शोधली. आबेल सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. गाल्वा १८३२ साली विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला. मुलगा मेडिकल किंवा इंजिनियरिंग सोडून गणितच घेतो म्हणाला तर आपल्या पोटात गोळा येतो, पण या पोरांची वयं पाहिली की जरा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

अशक्य या शब्दाला नेहमी पत्ता लागतो, हीही या विषयाची शिकवण आहे. सप्तकोन अशक्य कुठे? पट्टी-कंपासच्या गावात. पट्टीवर दोन खुणा करायची मुभा द्या, कोनाचा त्रिभाग होतो, हे आर्किमिडीजच्या नावावर आहे. कागदाच्या घड्या घालायची मुभा द्या, तर घनसमीकरणं सुटतात आणि सप्तकोनही मिळतो. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नाही, असं भास्कराचार्यांनी लिहिलं, आणि त्यांच्या गावापुरतं ते अगदी बरोबर आहे. पुढे इटलीत बोंबेल्लीने १५७२ साली छापलेल्या ग्रंथात अशा मुळाशी व्यवहार करण्याचे नियम दिले, आणि −१ चं वर्गमूळ वसवलेलं नवं दुपदरी गाव उभं राहिलं. आजचं विद्युतशास्त्र त्याच गावात नांदतं.

आणि हे सगळं केवळ पुस्तकी नाही. फक्त ० आणि १ अशा दोन रहिवाशांचंही क्षेत्र असतं (तिथे १ + १ = ०). त्या गावाचा आठपदरी विस्तार केला की रहिवासी होतात दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६. गाण्याच्या सीडीवर ओरखडा पडला तरी लताबाईंचा आवाज अडखळत नसे, ते याच २५६ जणांच्या गावातल्या हिशेबामुळे. दुकानात पैसे देताना फोनने टिपतो तो क्यूआर कोड एका कोपऱ्यात मळला तरी वाचता येतो, तोही याच हिशेबामुळे.

तर वाचकहो, येत्या वीकएंडला एक करून पाहा. मुलांना टीव्हीसमोरून उठवा, पट्टी आणि कंपास घ्या, सहा, आठ आणि जमल्यास पाच पाकळ्यांचं फूल काढा. मग सातचा प्रयत्न मनापासून करू द्या, लगेच थांबवू नका. फट राहिली की लीलावतीचा तक्ता पुढे ठेवा आणि क्षच्या जागी +१ आणि −१ घालून पाहायला सांगा. त्यानंतर चौकोनी कागद आणून द्या आणि घड्या घालायला बसवा.